उद्याची गीतं

शनिवारी संध्याकाळी चर्चची किल्ली माझ्याकडे असते.
दारव्ह्याच्या रस्त्याला, बंद जिनिंगच्या मागे,
पत्र्याचं छप्पर, अकरा बाकं, एक ढोलकी
आणि भिंतीवर काळी फळी.
तिच्या खिळ्यांना आकडे अडकवायचे:
उद्याची गीतं.
पाळकसाहेब एफ्राईमच्या हाती चिठ्ठी पाठवतात,
गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटावर लिहिलेली.
चौथं वर्ष. हे काम माझंच.

आज दुपारी क्लासच्या ग्रुपवर टेस्टचा निकाल पडला.
यवतमाळच्या सरांनी नावं एकाखाली एक टाकलेली,
पाचशेच्या वरची हिरवी, बाकीची लाल.
सुवार्ता तायडे, ३१२.
सातशे वीसपैकी.
खाली कुणीतरी अंगठा दिला होता.
कशाला, कोण जाणे.

आई रात्रपाळी करून आली होती.
एकोणीस वर्षं मिशनच्या दवाखान्यात
ती डॉक्टरांपुढे ट्रे धरून उभी राहते.
काही बोलली नाही.
भाकर थापताना एक थाप जरा जोरात बसली,
बस, तेवढीच.
बोलली असती तर बरं झालं असतं.

मागच्या रविवारी साक्षीच्या वेळी मावशी उठली,
'प्रभू, आमच्या सुवार्ताले डॉक्टर कर,
तुह्या नावाचा गौरव होऊ दे.'
सगळे म्हणाले, आमेन.
मी डोळे मिटूनच ठेवले.
देवाच्या गौरवाचा कटऑफ किती असतो
हे तिथं कुणाला विचारणार?

झाडू मारला. वटवाघळांनी वेदीपाशी केलेली घाण पुसली.
मग चिठ्ठी उघडली.

४७
३१२
१८

पहिल्यांदा वाटलं, कुणीतरी साहेबांना सांगितलं.
मग वाटलं, आता तूसुद्धा?
खाली फरशीवर बसून राहिले
उद्याच्या झावळ्यांच्या रविवारासाठी
कापून आणलेल्या शिंदीच्या भाऱ्याला टेकून.
तिचे काटे पाठीला टोचत होते, तरी सरकले नाही.

डब्यात तीनचा पत्रा होता, एकचा होता.
दोन हरवलाय कधीचा.
त्याच्या जागी पुठ्ठा,
त्यावर मी आठवीत असताना काढलेला दोन,
लाल नेलपॉलिशचा, शेपटी भलतीच लांब झालेली.
कुणी कधी म्हणालं नाही, नीट काढ.
चार वर्षं तो तसाच लटकतोय
आणि लोक त्यावर गातायत.

तीन. एक. दोन.
लावले, आणि मागे सरून पाहिलं.
फळीवर सत्तेचाळीस आहे, अठरा आहे,
कुणी कुणाच्या पुढे गेलेलं नाही.
इथं तीनशे बारा म्हणजे
पुस्तक कुठं उघडायचं, एवढंच.

काही मागितलं नाही मी.
'दमले' म्हटलं.
दिवसभर तापलेला पत्रा निवू लागला की
टण् करून वाजतो, मग बराच वेळ नाही, मग पुन्हा.
तेवढंच ऐकू येत होतं.
ते उत्तर होतं असं मी म्हणणार नाही.
पण माझं संपेपर्यंत कुणी मधे बोललं नाही,
कुणी घड्याळ लावलं नाही.
कुलूप लावताना लक्षात आलं,
मोबाईल आत बाकावरच राहिलाय.
राहू दिला.

सोमवारी पुन्हा टेस्ट आहे, फिजिक्सची.
ते काही बदललेलं नाही.

रविवारी दुसऱ्या गीताला पानं फडफडली.
आईनं फळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
तिला कळलं होतं.
तिनं तिचं पुस्तक मिटलं
आणि माझ्या पुस्तकाची एक बाजू हातात धरली.

दोर्काबाईला आकडे येत नाहीत.
हातात झावळी, पुस्तक उलटं,
माझ्या कानाशी वाकून म्हणाली,
'कितवं हाय वं पोरी?'

'तीनशे बारा,'
मी सांगितलं. कालपासून पहिल्यांदाच, तोंडानं.

'हां, थे होय! थे येते मले,'
म्हणाली ती,
आणि ढोलकीच्या आधीच सुरू झाली.